तेवीस नद्या

चाकण, सोमवार, १० डिसेंबर १९५१

सौ. दुर्गेस,

पाकिटावर तुझं माहेरचं नाव घातलं आहे, ताना म्हणून. ओतुरात तुला दुर्गा या नावानं कोण ओळखणार? टपालवाला गावभर फिरून पत्र परत पाठवेल, एवढ्याच विचारानं घातलं. दुसरं काही मनात आणू नकोस.

आशीर्वाद लिहिणार होतो. पण तेरा महिन्यांत ज्यानं एक ओळ लिहिली नाही त्यानं कसले आशीर्वाद द्यायचे? तेव्हा कामाचंच लिहितो. तुझ्या आईची तब्येत आता बरी असेल. इथं विचारणाऱ्यांना मी तेच सांगतो, सासूबाई आजारी आहेत म्हणून राहिली आहे.

झरेवाडीच्या तेवीस बायकांची खरी नावं मला हवी आहेत. ती तुझ्यापाशी आहेत, दुसऱ्या कुणापाशी नाहीत. कागदावर लिही, पाकिटात घाल, पाकीट नीट चिकटव. कार्डावर लिहू नकोस. हिंदुरावाला दाखवू नकोस. तुझा भाऊ माणूस चांगला, पण त्याच्या पोटात काही राहत नाही.

कशाला हवीत ते सांगतो. तुला सगळं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून मांडतो. उद्या कचेरीत मांडायची वेळ आली तर तोंडाला सवय हवी.

गेल्या वर्षी दिवाळीआधी आबाजी मास्तरांवर मतदारयादीचं काम आलं. शाळा सांभाळून सात वाड्या फिरायच्या. मास्तर गिरणीत आले, पिठानं भरलेल्या बाकावर टेकले आणि म्हणाले, "ज्योतीराम, कुणाच्या घरात किती माणसं हे तुझ्याइतकं तलाठ्यालाही ठाऊक नाही." ते खरंच होतं. बाळंतीण आली की नाचणी वेगळी येते. म्हातारं माणूस गेलं की दळणाची पाटी हलकी होते. कुणाचा मुलगा लष्करात गेला, कुणाची लेक परत आली, सगळं दळणात दिसतं. घर, माणसं, वयं मला तोंडपाठ. बायकांची खरी नावं तेवढी नव्हती, अंबूबाई वगैरे ही नुसती हाकेची. पाटी गेनूच्या घरची असते. पाटीला बाईचं नाव नसतं.

वाडीवर तुला नेलं, कारण पुरुष दिसला की बायका आत पळायच्या. तू अंबूबाईच्या पडवीत बसलीस, मी लांब चिंचेखाली. नवऱ्याचं नाव त्या घेत नाहीत, परक्याला स्वतःचं सांगत नाहीत. तुला मात्र एकेकीनं कानात सांगितलं आणि शब्द घेतला, की घरच्यांना विचारल्याशिवाय सरकारच्या कागदावर चढवायचं नाही. तू चार दिवस मागितलेस. यादी दुसऱ्या दिवशी खेडला जायची होती. वरून सक्त हुकूम होता, ‘अमक्याची आई, तमक्याची बायको’ असं लिहिलेलं दिसलं की कापून टाकणार.

तू नावं देईनास. मग मी लिहिली. अंघोळीचा तांब्या डोक्यावर घेताना जो क्रम तोंडात येतो त्याच क्रमानं गंगा, यमुना, गोदावरी, पार कावेरीपर्यंत. सात झाल्या. मग कृष्णा, भीमा. मग आपल्याकडच्या इंद्रायणी, भामा, पवना. मग नीरा, कोयना, मीना, कुकडी. तासाभरात तेवीस नद्या वाहिल्या. मास्तरांनी न वाचता सही केली. एकही नाव कापलं गेलं नाही, हे मी तुला तेव्हाही सांगत होतो.

आता यादी छापून आली आहे. आणि मारुतराव कंत्राटदाराची माणसं परवा दळण घेऊन आली. मारुतराव म्हणजे झऱ्याच्या वरचा डोंगर दगडाच्या खाणीसाठी मागणारा. त्याचा माणूस उमेदवार आहे. इंजिन चालू असलं की गिऱ्हाइकांना वाटतं मला काही ऐकू येत नाही. पाच वर्षं मी त्या आवाजात काढली आहेत. आता तो आवाज सोडून बाकी सगळं ऐकू येतं. एक जण दुसऱ्याला म्हणत होता, "एकेक बाई पेटीपाशी आली की हरकत घ्यायची. खोट्या नावावर आली म्हणून फौजदाराच्या हवाली."

हे त्यांना कुणी सांगितलं कळत नाही. कुणीतरी बोललं.

माझ्या हातून पिठाचा डबा सांडला. गिऱ्हाईक हसलं. मीही हसलो.

खरी नावं पाठव. मी कचेरीत जाऊन यादी दुरुस्त करून घेतो. मतदानाला अजून अवकाश आहे.

ज्योतीराम

चाकण, मंगळवार, १८ डिसेंबर १९५१

सौ. दुर्गेस,

तुझं उत्तर नाही. ठीक. आता नावं पाठवू नकोस. पत्र टाकलं असशील तर ते वाटेत हरवावं असं मी म्हणतोय, यावरून काय ते समज.

आबाजी मास्तरांची बदली मंचरला झाली आहे. मी कार्ड टाकलं, पहिल्या मोटारीनं आले. पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले होते, आत कुणाचं मूल असल्यासारखी. मी सगळं सांगितलं. त्यांना नद्यांचं आजवर ठाऊकच नव्हतं. पहिल्यांदा हसले. मग पिशवीचे बंद सोडून पुन्हा बांधले.

"दुरुस्तीची मुदत संपली, ज्योतीराम. यादीत जे नाव आहे त्याच नावानं मत. खरं नाव सांगितलं तर यादीत नाही म्हणून परत पाठवतील."

"आणि यादीतलं सांगितलं तर?"

"तर तुझे मारुतराव बसलेत ना."

जाताना त्यांनी माझा हात धरला. "सही माझी आहे रे. निवृत्तीला तीन वर्षं उरलीत." मी म्हटलं, मास्तर, अक्षर माझं आहे. ते म्हणाले, "अक्षर कोण बघतो?"

मास्तर गेले आणि दुसऱ्या दिवशी मारुतराव स्वतः आले. जीप गिरणीच्या दारात उभी केली. बायका पाट्या घेऊन बाजूला झाल्या. फेट्यावर पीठ बसेल म्हणून ते उंबऱ्याबाहेरच थांबले.

"काय गिरणीवाले, पीठ बारीक पडतं म्हणे तुमच्याकडं."

"आपल्या आशीर्वादानं."

"आणि पाणीपण पुष्कळ. एका वाडीत तेवीस नद्या! पूर येईल की राव, जपून राहा."

मी हसलो. दुर्गे, तुला माझं हसणं ठाऊक आहे. देहूरोडच्या डेपोत लढाईच्या दिवसांत चहा विकला तो त्या हसण्यावर, लिलावात हे इंजिन मिळवलं तेही त्याच हसण्यावर. त्या दिवशी ते गालापर्यंत आलं आणि तिथंच वाळलं.

मी म्हटलं, "तेवीस मतांनी आपलं काय बिघडतं, मारुतराव? वाडीचे पुरुष तर तुमच्याच गाड्यांवर आहेत."

"तेवीस मतांचं मला काही नाही," ते म्हणाले. अगदी मायेनं म्हणाले, मामा भाच्याला सांगतो तसं. "पण बाई एकदा पेटीपाशी जाऊन आली की पुन्हा घरात गप बसत नाही. म्हणून म्हणतो, त्यांना सांगा, थंडी फार आहे, घरीच बसा. तुमचं ऐकतील. नाहीतर मग फौजदार आहे, त्या आहेत, मास्तर आहेत." जीपमध्ये बसल्यावर काच पुसत म्हणाले, "आणि लिहिणारापण आहे."

जीप गेल्यावर सारजाबाई पुढं आली. गणपाची बायको ती, गेल्या वर्षी नुसती हळदीची होती. आता कडेवर चार महिन्यांचं पोर आहे. यादीत ती कुकडी आहे. तिला ठाऊक नाही. कुणालाच ठाऊक नाही.

"भाऊ, आमची चिठ्ठी कवा येणार? आमी समद्या कंदिलाच्या पेटीत टाकणार हाय. खाण झाली तर झरा ऱ्हातोय व्हय?"

कंदील म्हणजे मारुतरावांच्या माणसासमोर उभ्या राहिलेल्या उमेदवाराची खूण, त्याची पेटी वेगळी. मी पाटी तोलायला घेतली. काट्याकडं बघत म्हटलं, येईल येईल. तिनं पाटी डोक्यावर घेतली, पोराला सावरलं आणि गेली. आणि मला दिसलं, ती पेटीपाशी उभी आहे, शिपाई तिचा दंड धरतोय आणि पोर रडतंय. इंजिन बंद करून मी बराच वेळ जात्याच्या दगडावर हात ठेवून बसलो. दगड गरम होता म्हणून.

जेवण जात नाही.

काय करू, ते तरी कळव.

ज्योतीराम

चाकण, गुरुवार, २७ डिसेंबर १९५१

दुर्गे,

पहिल्या पत्रात मी दोन ठिकाणी खोटं लिहिलं आहे. ती दोन्ही तू ओळखली असणार, म्हणूनच उत्तर देत नाहीस.

सासूबाईंना काहीही झालं नव्हतं. तू भाऊबीजेला गेलीस आणि राहिलीस. त्याआधी यादीवरून आपलं भांडण झालं. तू म्हणाली होतीस, "त्यांनी विश्वासानं माझ्या कानात सांगितलं आणि तुम्ही त्यांच्या कपाळावर वाटेल ते लिहून आलात." मी म्हटलं, नावात काय एवढं, मत मिळालं ना? तू माझ्याकडं बघितलंस आणि पिशवी भरायला घेतलीस.

आणि दुसरं. ‘कुणीतरी बोललं’ असं लिहिलं. ते कुणीतरी म्हणजे मी. शिमग्याच्या आसपास गिरणीत चारसहा जण बसले होते, गप्पा रंगल्या. मी म्हटलं, "एका बैठकीत तेवीस बायकांचं बारसं केलं मी, पाळणासुद्धा लागला नाही!" लोक पोट धरून हसले. त्यांत मारुतरावांचा मुकादम होता. मला दिसत होता. तरी बोललो. लोक हसायला लागले की मला थांबता येत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? हिंदुरावाच्या पोटात काही राहत नाही म्हणून मीच लिहिलं होतं ना.

काल वाडीवर गेलो. अंबूबाईच्या पडवीत सगळ्या जमल्या. मी उंबऱ्याखाली अंगणात बसलो आणि सांगितलं. नद्यांचं, मारुतरावांचं, फौजदाराचं, सगळं. मान वर केली नाही.

मग सारजाबाईनं विचारलं, "मी कंची नदी?"

"कुकडी."

"आगं बया! नाव तरी बरं ठिवायचं हुतंस." दोघीतिघी हसल्या. पण हसता हसता तिनं पोर छातीशी धरलं. "मला न्येलं तर ह्याला पाजंल कोन?"

अंबूबाईनं पोराच्या डोक्यावरून हात फिरवला.

मी म्हटलं, येऊ नका. घरी राहा. मारुतराव काही करणार नाहीत, मास्तर वाचतील. मी स्वतःचं नाव त्यात घेतलं नाही, पण अंबूबाईच्या ते ध्यानात आलं. म्हातारीचे दात गेलेत, डोळे नाहीत गेले.

"आन् तू बी वाचशील," ती म्हणाली.

मी अंगणातली काडी उचलून मोडली.

"हे बग ज्योतीराम, खोटं नाव मी सांगणार न्हाई. सायबाम्होरं उभी ऱ्हाऊन खोटं बोलायचं माझं वय हाय का? पर घरी बी बसणार न्हाई." थोडा वेळ ती जमिनीवर बोटानं रेघा ओढत बसली. मग म्हणाली, "लगीन झालं तवा सासऱ्यानं ताटात तांदूळ पसरलं, आन् त्यात अंगठीनं माझं नवं नाव लिवलं. माहेरचं नाव गेलं. मला कुनी इचारलं व्हतं? तरी पन्नास वरसं त्या नावाला मी ओ दिलीच की. ताटात लिवलं म्हंजी नाव खरं झालं. तू नावं ठिवलीस तवा ताट कुठं व्हतं तुझं?"

"नव्हतं, अंबूबाई."

"मग आन. तांदूळ तुझं. पर हात तुझा न्हाई. लिवणारी बाई पायजे, आन् आमच्यात लिवता येतंय कुनाला? तुझ्या दुर्गीला बोलीव. आमची जुनी नावं तिच्यापाशी ठिवायला दिल्यात. ती जुनी नावं आमाला माघारी दील, मग आमी हवं तर नवी घिऊ."

"ती येणार नाही माझ्या बोलावण्यानं."

"तुझ्या न्हाई. आमच्या बोलावण्यानं यील."

म्हणून हे पत्र त्यांच्या वतीनं आहे. मतदान पुढच्या शुक्रवारी, चाकणच्या शाळेत. त्याआधी बुधवारी वाडीवर ये. गिरणीत येऊ नकोस हवं तर, मोटार गिरणीवरूनच जाते, पुढच्या थांब्यावर उतर. मी लांब राहीन.

ताटात लिहिलेलं पुण्याहून मतदान घ्यायला येणारा साहेब मानेल का? मला वाटत नाही. मला फौजदारच दिसतो. पण मला काय वाटतं, हे त्यांनी विचारलं नाही, आणि तूही विचारू नकोस.

ज्योतीराम

(कार्ड)

चाकण, सोमवार, ३१ डिसेंबर १९५१

सौ. तानाबाई यांस, रा. रा. हिंदुरावांच्या घरी, ओतूर.

इकडील सर्व क्षेम. थंडी बरीच आहे. तांदूळ निवडून ठेवले आहेत, आंबेमोहोर आहे. अंबूबाई वाट बघते. कार्ड उघडं असल्यानं जास्त लिहीत नाही. हिंदुराव, तुम्ही हे वाचत असालच, तर तुम्हांला नमस्कार, आणि कृपा करून बुधवारची पहिली मोटार चुकवू देऊ नका.

ज्यो.

चाकण, सोमवार, ७ जानेवारी १९५२

दुर्गा, किंवा ताना, जे तुला हवं ते,

तू शुक्रवारीच परत गेलीस. बरोबरच केलंस. पण काही गोष्टी तू पाहिल्या नाहीत, काही मी बोललो नाही. त्या लिहितो.

बुधवारी मी तांदूळ घेऊन वाडीवर आलो तेव्हा तू पडवीत बसलेली होतीस. तेरा महिन्यांनी तू माझ्याशी जे पहिलं वाक्य बोललीस ते असं, "तांदूळ धुतलेत कशाला? लिहायला कोरडे लागतात." मी घाबरून सोवळ्यासारखे धुऊन आणले होते. मग ते सुपात, घोंगडीवर उन्हात पसरले, आणि तेवीस बायका आणि तू चिमण्या हाकत बसलात. भीतीनं माझा जीव अर्धा झाला होता, तरी त्या उन्हात मला बरं वाटलं, हे तुला सांगायचं राहिलं.

लिहायला बसलीस तेव्हा मी चिंचेखालून उठून पार झऱ्यापर्यंत गेलो. चिंचेखाली मला ऐकू आलं असतं. तू एकेकीच्या कानात तिचं जुनं नाव सांगून मग ताटात तिची नदी लिहीत होतीस, आणि ते जुनं नाव आपल्याला ऐकू येऊ नये म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा उठून लांब गेलो. झऱ्याचं पाणी मोठ्यानं वाजत होतं. मला एकही नाव ठाऊक नाही.

शुक्रवारी शाळेत पुरुषांना शंभर पावलं लांब उभं केलं होतं. मी वडाला टेकून होतो. शाळेची मागची खिडकी उघडी होती, आणि माझे कान तुला ठाऊक आहेत. मारुतराव जीपमध्ये. फौजदार दाराशी, हातात काठी. तुम्ही रांगेनं आलात आणि अंबूबाई सर्वांत पुढं होती.

आत उमेदवाराच्या वतीनं मारुतरावांचा मुकादम बसला होता, त्याचा आवाज आला. "साहेब, हरकत! ह्या बाईचं नाव इंद्रायणी नाही. अख्खं गाव हिला अंबूबाई म्हणतं."

साहेब तरुण होता, पुण्याच्या कुठल्याशा कॉलेजातला. "आजी, तुमचं नाव काय?"

मी वडाची साल नखानं काढत होतो.

"इंद्रायणी."

"खोटं सांगितलं तर गुन्हा आहे, आजी. ठाऊक आहे ना?"

"खोटं कशाला सांगू? ताटात लिवलंय."

"कधीपासून आहे हे नाव?"

"परवापासून."

आत हशा झाला. फौजदारानं दारातून आत डोकावलं. मारुतराव जीपमधून उतरले. मला वाटलं, संपलं, म्हातारीनं खरं सांगून सगळ्यांना बुडवलं.

मग अंबूबाई म्हणाली, हळूच, पण मला स्पष्ट ऐकू आलं, "नाव परवाचं हाय, सायेब. बाई जुनीच हाय."

हशा थांबला. कागद उलटल्याचा आवाज आला. "घर नंबर सहा. वय बासष्ट. नवऱ्याचं नाव?"

मागून सारजाबाई ओरडली, "त्या न्हाई घेणार. मी सांगती, गेनू!"

"पोलीस पाटील, सहा नंबरच्या घरात या वयाची दुसरी कुणी बाई?"

"न्हाई साहेब. म्हातारी एकटीच राहती."

"घर जुळतं, वय जुळतं, नवरा जुळतो. नाव यांना मान्य आहे. बोट पुढं करा, आजी."

घर, वय, नवरा, ते माझ्या दळणावरून आलं होतं, दुर्गे. तेवढं मी खरं लिहिलं होतं. वडाखाली मी खाली बसलो.

मुकादमानं यमुनेवर हरकत घेतली, गोदावरीवर घेतली. तिसरीला साहेब म्हणाला, "तुम्ही प्रत्येकीला हेच विचारा, मी प्रत्येकीला हेच उत्तर देईन. संध्याकाळपर्यंत वेळ आहे माझ्याकडं." फौजदारानं काठी बगलेत मारली आणि तंबाखू काढली. कुकडी बाहेर आली ती पोराला शाईचं बोट दाखवत.

तेविसाव्या बाईनंतर तू आत गेलीस. मला ठाऊक होतं काय होणार. तुला ठाऊक नव्हतं.

"नाव?"

"दुर्गा."

कागद उलटले. पुन्हा उलटले. "घर?"

"गिरणी. घर नंबर चाळीस."

"चाळीस नंबरला एकच नाव आहे, बाई. पुरुष, वय एक्केचाळीस."

बाहेर आलीस. चोवीस बायका चालत माझ्यासमोरून गेल्या, तेवीस बोटं काळी, आणि तुझं कोरं. तू थांबलीस आणि मला विचारलंस, "माझं का नाही?" मी रस्त्याकडं बघितलं. मोटार आली, तू गेलीस.

त्याचं उत्तर लिहितो. ज्या दिवशी मी नद्या लिहिल्या त्याच दिवशी, मास्तरांच्या सहीआधी, तू दारात उभी राहून म्हणालीस, "निदान माझं तरी मला विचारल्याशिवाय लिहू नका." मी म्हटलं, "बरं, नाहीच लिहीत." तुला ते नुसतं बोलणं वाटलं असेल. पण मी खरंच नाही लिहिलं. रागानं. तेवीस परक्या बायकांना नावं वाटली आणि माझ्या उंबऱ्याखाली जागा कोरी ठेवली. एवढंच आहे. याहून मोठं कारण मी शोधलं, सापडलं नाही.

परवा, बुधवारी, मला खेडच्या कचेरीत बोलावलं आहे. मारुतरावांनी अर्ज दिला आहे, यादी खोटी म्हणून. मी सांगणार, अक्षर माझं, नद्या माझ्या, मास्तरांनी विश्वासानं सही केली. काय होईल कळत नाही. सकाळपासून तीन वेळा इंजिन बंद केलं, बाहेर कुणी हाक मारली असं वाटलं म्हणून. कुणी नव्हतं. परत आलो नाही तर गिरणीची किल्ली अंबूबाईपाशी आहे. तिनं ती कमरेला लावून टाकली आहे आणि म्हणते, "इंद्रायणीला दळाय येतंय."

सोबत एक छापील अर्ज आहे. यादीत नाव चढवण्याचा. पोलीस पाटलाकडून आणला. गाव, तालुका, घर नंबर, वय भरलं आहे. वय चुकलं असेल तर दुरुस्त कर. नावाच्या जागी मी काही लिहिलेलं नाही. ताना लिही, दुर्गा लिही, तिसरं काही सुचलं तर ते लिही. शेजारी सहीची जागा आहे, तीही तुझीच. घर नंबरसुद्धा पेन्सिलीनं लिहिला आहे. खोडता येतो.

पाकिटावर काय नाव घालावं हे ठरेना. म्हणून हिंदुरावाचं घातलं आहे आणि खाली लिहिलं आहे, बहिणीस द्यावे, वाचू नये.

ज्योतीराम